आधी ब्रेक, मग चावी
लेखमाला : बंद गॅरेजच्या आत (भाग चौथा)

1959 साली कॅलिफोर्नियातल्या जिम मॅकनील नावाच्या एका शाळकरी पोराने जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावरून 500 डॉलरला 1951 ची एक मर्क्युरी घेतली. सात वर्षांपूर्वी हीच गाडी बॉब हिरोहाता या तरुणाने लॉस एंजलिसजवळच्या लिनवुडमध्ये जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांच्या वर्कशॉपात नेऊन सोडली होती. बॅरिस बंधूंनी तिचं छप्पर कापून पुढून चार इंच आणि मागून सात इंच खाली घेतलं, दारामागचा खांब काढून टाकला, अंगावर ब्यूइकची पट्टी चढवली. 1953 मध्ये मूळ इंजिनाच्या जागी कॅडिलॅकचं व्ही-8 बसलं आणि हिरोहाता ती गाडी स्वतः चालवत इंडियानापोलिसच्या प्रदर्शनाला घेऊन गेला. त्या प्रवासाचा वृत्तांत ‘रॉड अँड कस्टम’ मासिकात छापून आला. मग फॅशन बदलली आणि भाव 500 डॉलरवर आला. मॅकनीलने ती काही वर्षं वापरली, नंतर गॅरेजात लावून ठेवली. तिला पुन्हा उभं करायचं काम सुरू झालं ते 1989 मध्ये. 2022 च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात तिच्यावर साडेएकोणीस लाख डॉलरची बोली लागली.

हा आकडा वाचून गावच्या पडवीतली आजोबांची गाडी आठवली असेल, तर जरा दमानं घ्यावं. बोली लागली ती हिरोहाता आणि बॅरिस या नावांना. अशाच कापून-जोडून बनवलेल्या बाकीच्या शेकडो कस्टम गाड्या उभ्या करताना खर्च निघत नाही आणि तो निघावा म्हणून सहसा कुणी त्या उभ्या करतही नाही.

या लेखमालेत आतापर्यंत कंपनीतून जशा निघाल्या तशाच राहिलेल्या गाड्या पाहिल्या. कस्टम गाडीचं प्रकरण वेगळं आहे. 1951 च्या मर्क्युरीचं छापील शॉप मॅन्युअल आजही मिळतं, पण ते अर्ध्या वाटेवर हात सोडतं. इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, मागचा ॲक्सल तिसरीचा, आणि वायरिंग त्या वेळच्या बिल्डरच्या डोक्यात. तो बिल्डर आता हयात नसतो. मग जुन्या मासिकांतले कृष्णधवल फोटो भिंग लावून बघायचे आणि कोणता भाग कुठल्या गाडीवरून आला ते ओळखत बसायचं. गाडी सुरू करण्याआधीचं निम्मं काम हेच असतं. शेडमध्ये शिरताच बॅटरी जोडून सेल्फ मारायची घाई होते, ती इथे फारच महागात पडते.

मुळात आधी गाडी थांबली पाहिजे. पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांना ड्रम ब्रेक आणि एकच हायड्रॉलिक सर्किट असे. चार चाकांपैकी एकाही ठिकाणी गळती झाली, की पेडल सरळ फरशीला टेकतं. मास्टर सिलिंडर बोनट उघडून शोधला तर दिसत नाही. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, मॅटखालच्या झाकणाच्या आत असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघितलेलं नसतं. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. गाडी वीस-तीस वर्षं उभी राहिली, की ते पाणी व्हील सिलिंडरच्या तळाशी बसून भोकाला गंज चढवतं. रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो. अशा होजमधून दाब पुढे जातो, पण परत येत नाही, मग पाय काढल्यावरही चाक धरूनच राहतं. होज, सिलिंडरची रबरं आणि पाइप यांत वाचवण्यासारखं काही नसतं, सगळं बदलायचं. ड्रम उघडताना मात्र कॉम्प्रेसरची हवा मारू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. धूळ ओली करून पुसून काढायची.

कस्टम गाडीत याच्यावर आणखी एक भानगड असते. गाडी जमिनीलगत आणण्यासाठी स्प्रिंग कापलेल्या किंवा दबवलेल्या असतात आणि ॲक्सलला जागा मिळावी म्हणून मागच्या चासीला इंग्रजी सी अक्षरासारखी खाच मारलेली असते. कंपनीने जिथून ब्रेक पाइप नेला होता, तिथे आता ॲक्सल येऊन आदळतो. म्हणून नवा पाइप टाकण्याआधी सस्पेन्शन पूर्ण दाबायचं, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचं, आणि टायर होजला घासतो का ते गाडीखाली आडवं पडून बघायचं.

यानंतर वीज. या मर्क्युरीला 6 व्होल्टची बॅटरी असते आणि तिचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजच्या सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावणारे मेकॅनिक कमी नाहीत. व्होल्ट निम्मे झाले, की तेवढ्याच ताकदीसाठी करंट दुप्पट लागतो. 36 वॉटच्या दिव्याला 12 व्होल्टवर 3 ॲम्पिअर पुरतात, इथे 6 लागतात. सेल्फ तर शेकडो ॲम्पिअर ओढतो. दुकानात मिळणारी 12 व्होल्टची बारीक केबल लावली, तर ती तापते आणि सेल्फ कण्हत राहतो. अशा वेळी दोष बहुतेकदा बिचाऱ्या 6 व्होल्टवर ढकलून सगळी गाडीच 12 व्होल्टची केली जाते. खरं तर बोटभर जाडीची केबल आणि अर्थिंगच्या जागी घासून चकचकीत केलेला पत्रा एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

दारांची गंमत निराळीच. कस्टम बिल्डर बाहेरची हँडलं कापून टाकत आणि आत सोलेनॉइड बसवत. कुठेतरी लपवलेलं बटण दाबलं, की दार उघडतं. पण बॅटरी मेली असेल तर? काच वर, दार बंद, बॅटरी बोनटखाली आणि बोनटची कळ आतल्या केबलवर. जाणते बिल्डर यासाठी गाडीच्या पोटाखाली कुठेतरी एक तार सोडून ठेवत. ती सापडेपर्यंत पहार हातात घ्यायची नाही, कारण ज्या पत्र्याला ती टेकणार त्याच्यावरचं काम पुन्हा तसं होणं कठीण.

आता इंजिन. हिरोहाताच्या गाडीत कॅडिलॅक बसलं, पण त्या काळच्या बहुतेक कस्टम मर्क्युरीत मूळचंच फ्लॅटहेड व्ही-8 राहिलं. मर्क्युरी बनवणाऱ्या फोर्डने हा घाट 1932 मध्ये आणला आणि अमेरिकेत 1953 पर्यंत चालवला. मर्क्युरीतलं इंजिन 255 घनइंचाचं, म्हणजे जवळपास 4.2 लिटरचं. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ते सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात. म्हणून एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकून राहिला तरी पिस्टन त्याच्यावर आदळत नाही, फक्त कॉम्प्रेशन जातं. उभ्या गाडीच्या बाबतीत हे नशीबच म्हणायचं.

जाम इंजिन सोडवायला ताकदीपेक्षा धीर लागतो. सगळे प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून गंज सोडवणारं तेल ओतायचं आणि निघून जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. रिंगा गंजाने सिलिंडरला धरून बसलेल्या असतात आणि तेल त्यांच्या फटीत उतरायला दिवस, कधी आठवडे लागतात. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने, अगदी थोडं पुढे, थोडं मागे. सेल्फने हिसका दिला तर रिंग तुटते आणि तुटलेला तुकडा सिलिंडरला उभी चीर पाडतो. एकदा पूर्ण फेरा झाला, की जुनं तेल सोडायचं. ते तेल कसलं, चेंबरच्या तळाशी साचलेला काळा चिखल असतो, तो चेंबर खाली उतरवूनच खरवडावा लागतो. नवं तेल भरून, प्लग बाहेरच ठेवून, ऑइल गेजचा काटा उठेपर्यंत इंजिन फिरवायचं. काटा हलला नाही, तर पुढे जायचंच नाही.

फ्लॅटहेडची खोड म्हणजे उष्णता. जळालेला वायू ब्लॉकच्या आरपार, पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर पडतो आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच तोंड असतं. त्या जॅकेटमध्ये गंजाचा गाळ बसला, की इंजिन चढावर उकळतं. त्यामुळे रेडिएटर साफ करून थांबता येत नाही, ब्लॉकमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत उलट दिशेने धार सोडावी लागते. हेड उतरवायची वेळ आली, तर त्याचे बोल्ट थेट पाण्यात उतरलेले असतात आणि गंजून तुटायला टपलेले असतात. शौकिनाने वर ॲल्युमिनियमचं हेड बसवलं असेल, तर ते बोल्टाला चिकटूनच बसतं.

पेट्रोलचं काम त्या मानाने सोपं आहे. जुन्या टाकीला वार्निशचा वास येतो. तिला हात न लावता पहिल्यांदा वेगळ्या डब्यातून पेट्रोल द्यायचं. टाकी उतरवली, की रेडिएटरवाल्याकडे उकळायला द्यायची आणि रिकामी दिसली म्हणून तिच्याजवळ गॅस-वेल्डिंगची ज्योत न्यायची नाही, कारण उडते ती आतली वाफ. पंपाचा पडदाही बदलायचा, कारण जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. आपल्याकडच्या पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून पद्मिनी आणि ॲम्बेसिडरवाल्यांनाही हे वेगळं सांगायला नको.

पत्र्याला हात लावण्याआधी तो कशाचा आहे हे समजून घ्यावं. या गाड्यांना अमेरिकेत ‘लीड स्लेड’ म्हणतात. कापलेल्या छपराचे सांधे भरायला तेव्हा आजच्यासारखी लांबी नव्हती. साधारण सत्तर टक्के शिसं आणि तीस टक्के कथील यांची कांडी ज्योतीने लोण्याइतकी मऊ करायची, चरबी लावलेल्या लाकडी फळीने ती सांध्यावर पसरायची आणि थंड झाल्यावर कानस मारायची. हात चांगला असेल तर सत्तर वर्षांनीही तडा जात नाही. पण शिसं धरावं म्हणून आधी लावलेलं ॲसिड नीट धुतलं नसेल, तर ते कित्येक वर्षांनी रंगाखालून फोड काढतं. असा फोड दिसला म्हणून सँडिंग मशीन चालवलं, की हवेत शिशाची धूळ उडते आणि सॅम बॅरिससारख्या कारागिराच्या हातची वळणंही तिच्याबरोबर जातात.

टायर जुने असतील तर बदलायचेच, कितीही खोल नक्षी शिल्लक असली तरी. कधी कधी दुकानात मिळण्यासारखे टायरच नसतात. 1953 च्या लिंकनवर बेतलेली ‘गोल्डन सहारा 2’ ओहायोतल्या डेटनमध्ये जवळपास पन्नास वर्षं लोकांच्या नजरेआड पडून होती. आतून दिवे लागणारे अर्धपारदर्शक टायर ही तिची ओळख. 2018 च्या लिलावानंतर ती उभी करताना गुडइयर कंपनीने हात लावला, आणि 2019 मध्ये ती जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात चमकत्या चाकांवर उभी राहिली.

भारतात अशा गाडीची कागदपत्रं करणं हा आणखी मोठा डोंगर. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ नंबरप्लेट मिळते, पण चासी, बॉडी आणि इंजिन मुळाबरहुकूम असेल तरच. छप्पर कापलेली मर्क्युरी त्या व्याख्येत बसत नाही. जुना वारसा जपायच्या नियमात त्या काळच्या कारागिरीला जागाच ठेवलेली नाही, हे खटकतं.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, घराजवळ आणि दुसऱ्या गियरपलीकडे न जाता मारायची. नजर तापमानाच्या काट्यावर ठेवायची. दहा मिनिटांनी थांबून चारही ड्रमांवरून हात फिरवायचा. एकच फार तापलेला असेल, तर ते चाक धरतंय. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करायचं. ते फिरलं पण पेटलं नाही, तर पेट्रोलची नळी मॅनिफोल्डच्या उष्णतेने तापून आत वाफ धरली आहे. जुने अमेरिकन ड्रायव्हर यावर नळीला ओळीने कपडे वाळवायचे लाकडी चिमटे लावत. घरी परतल्यावर इंजिन पूर्ण थंड झालं, की हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळायचे आणि मॅट उचलून ब्रेक ऑइलची पातळी बघायची.

(पुढील भागात : सत्तर वर्षांच्या लॅकर रंगाला पॉलिश करावं की तसंच ठेवावं?)