सॅक्सोफोन रंगवू या!

उत्तन-डोंगरीकडील ख्रिस्ती लग्नाच्या वरातीत बँड वाजताना "ते वाकडे, सोनेरी काय?" असा प्रश्न ज्या बालकांनी वडीलधाऱ्यांस केला असेल, त्यांच्याकरिता सॅक्सोफोनचे एक रेखाचित्र मी ठळक रेषांत सिद्ध केले असून ते ए-फोर कागदावर सहज छापता येते.

रंग भरण्यापूर्वी एक खुलासा मुलांस जरूर करावा. हे वाद्य पितळेचे असूनही त्याची गणना लाकडी सुषिरवाद्यांत होते. कारण त्याचा नाद मुखनळीस बांधलेल्या बोरूच्या पातळ पत्तीच्या कंपनातून उपजतो. आपल्या सनईची पत्ती दुहेरी, याची एकेरी, हा पत्तीतला भेद! आता रंग भरताना मुखनळी काळी, पत्ती फिकट पिवळी, कर्ण्यासारखे पसरट तोंड सोनेरी आणि बोटांखालच्या चकत्या शिंपल्यासारख्या शुभ्र रंगवाव्यात. मात्र कोणी सबंध वाद्य निळे केले, तरी त्यास बेलाशक करू द्यावे.

बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने 1846 मध्ये पॅरिसला याच्या एकस्वाची सनद मिळविली. हिंदी चित्रपटसंगीतात त्यास प्राण दिला तो मनोहारी सिंग यांनी. चित्र रंगवून होताच त्यांचे वादन चिमुकल्यांस अवश्य ऐकवावे.