मनगटावरचं यंत्र (भाग ७) : घाईला आलेलं घड्याळ

मागच्या आठवड्यात आपण रोटर पाहिला. हात हलला की झाकणाखालचा अर्धगोल फिरतो आणि मुख्य स्प्रिंगला आपोआप किल्ली बसते. आता तक्रारींकडे वळू. महागडं ऑटोमॅटिक घेतलेल्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: एवढे पैसे मोजले आणि रोज पाच सेकंद पुढे जातं!

जाऊ द्या. बहुतेक आधुनिक ऑटोमॅटिक घड्याळांचं बॅलन्स व्हील तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० ठोके. सीओएससी ही स्विस संस्था क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देण्याआधी यंत्र १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. तीही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मुभा देते. अचूकताच हवी असेल तर बॅटरीवरचं साधं घड्याळ केव्हाही सरस.

काळजी करायची ती चाल अचानक बदलली तर. माझ्या घड्याळाचं तसंच झालं. नेहमीचे चार-पाच सेकंद सोडून ते एका रात्रीत दहा मिनिटं पुढे पळालं. एका चकचकीत दुकानात झाकणही न उघडता ‘पूर्ण सर्व्हिसिंग’ असा निकाल देऊन पाच आकडी खर्च सांगितला. मी ते उचललं आणि जुन्या ओळखीच्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंगसुद्धा लावलं नाही. खणातून होकायंत्र काढलं, घड्याळ त्याच्याजवळ नेलं, आणि सुई थरथरू लागली. “लोहचुंबकाजवळ ठेवलं होतंत का कुठे?” ठेवलं होतं. रात्री उशाशी, टॅबलेटच्या कव्हरवर.

बॅलन्स व्हीलला पुढे-मागे झुलवते ती हेअरस्प्रिंग केसाएवढी बारीक असते. तिच्यात चुंबकत्व शिरलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि स्प्रिंगची कामाची लांबी घटते. झोपाळ्याच्या कड्या आखूड केल्या की झोका लवकर परततो ना, साधारण तसंच. यात मोडत काहीच नाही. घड्याळजींनी घड्याळ एका छोट्या विजेच्या पेटीवर धरलं, बटण दाबलं, हात सावकाश लांब नेला आणि मग बटण सोडलं. दहा सेकंदांत काम झालं. पैसे देऊ लागलो तर घेतले नाहीत, वर चहा पाजला.

कंपन्यांना हा शत्रू जुनाच ठाऊक आहे. रोलेक्सचं मिलगॉस १९५६ सालचं, १,००० गॉसपर्यंतचं क्षेत्र सोसणारं. ओमेगाने २०१३ मध्ये १५,००० गॉसच्या पुढची मजल मारली. सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगला तर चुंबक शिवतच नाही. पण सगळ्यांकडे अशी घड्याळं नसतात, आणि आपल्या घरात मात्र चुंबक जागोजागी बसलेत: स्पीकर, लॅपटॉपचं झाकण, पर्सचं बटण, मोबाइलचा चिकटणारा चार्जर.

उलट, घड्याळ मागे पडत असेल किंवा पहाटे बंद सापडत असेल, तर आधी घड्याळाकडे नव्हे, स्वतःकडे पाहा. नोकरीत असताना नीट चालणारं घड्याळ निवृत्तीनंतर बंद पडू लागतं ते याचमुळे: हात हलतच नाही! किल्लीच्या बोंडाला तीस-चाळीस फेरे द्या. जास्त किल्लीने स्प्रिंग तुटेल ही भीती ऑटोमॅटिकच्या बाबतीत खोटी. स्प्रिंगचं टोक आतल्या भिंतीवरून घसरतं. एवढं करूनही चाल मंदच राहिली तर तेल सुकलेलं असण्याची शक्यता मोठी. मग टाइमग्राफर नावाच्या यंत्रावर ठोके ऐकवून आंदोलन किती अंशांचं आहे ते विचारा. पूर्ण किल्ली दिलेलं घड्याळ पाठीवर ठेवून २७०च्या आसपास आकडा आला तर प्रकृती ठणठणीत. २००च्या खाली आला तर सर्व्हिसिंग टाळू नका.

आवाजांपैकी एक लक्षात ठेवा. हाताने किल्ली देताना आतला रोटरच पंख्यासारखा गरगरू लागला तर ताबडतोब थांबा. रोटरला किल्लीपासून सुटं ठेवणारी उलटसुलट चाकं अडकलेली असतात, आणि प्रत्येक फेऱ्याला दात झिजतात. व्हालझू ७७५० या यंत्राचा रोटर मात्र एका बाजूला मोकळा फिरतो. त्याची मनगटावर जाणवणारी थरथर हा दोष नव्हे, स्वभाव आहे.

तारखेबद्दल एकच: रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात ती बोंडाने बदलू नका. तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात.

पुढच्या आठवड्यात पाणी. तोवर कुणाच्या काचेआड बाष्प दिसलंच, तर घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवून वाट पाहू नका. त्याच दिवशी झाकण उघडून घ्या.