लोखंड खाणीतलं आणि कृष्णविवराजवळचं

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याला लोखंडाची ओळख करून द्यायला नको. रस्त्याकडेच्या पानांचा रंग तिथे खनिजाच्या ट्रकांनी ठरवलेला. पण लोखंड कृष्णविवरात कोसळणाऱ्या वायूतही असतं आणि तिथे ते क्ष-किरणांत हजेरी लावतं, ६.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास.

ही हजेरी जमिनीवरून घेता येत नाही, वातावरण क्ष-किरण वरच्या वर गिळतं. म्हणून २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह निघाला आणि ६५० किलोमीटर उंचीवर फिरू लागला. कक्षा विषुववृत्ताला जेमतेम ६ अंश कललेली. त्यामुळे सुर्ल्याच्या डोक्यावर तो कधीच येत नाही, दक्षिणेकडून, क्षितिजापासून फार तर २५ अंशांवरून जातो. कक्षा जास्त कलली असती तर दक्षिण अटलांटिकवरच्या विद्युतभारित कणांच्या गर्दीत खोलवर शिरावं लागलं असतं, आणि तिथे डिटेक्टर भलतंच मोजू लागतात.

खरी गंमत त्याच्यावरच्या उपकरणांची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली ‘लॅक्सपीसी’ म्हणजे झिनॉन वायूच्या तीन मोठ्या पेट्या. १० मायक्रोसेकंदांची लुकलुक टिपतील, पण ऊर्जा ओळखण्यात अगदीच ढोबळ. त्याच संस्थेची ‘एसएक्सटी’ दुर्बीण नेमकी उलट! लोखंडाची रेषा चोख दाखवते, पण तिचा कॅमेरा एक चित्र वाचायला २.४ सेकंद घेतो. तेवढ्यात लॅक्सपीसी वेळेचे २,४०,००० तुकडे पाडून मोकळी.

एसएक्सटीचे आरसे सोन्याचा मुलामा दिलेले. क्ष-किरण समोरून आले तर आरशात घुसतात. निसटते आले तरच, पाण्यावर तिरकी फेकलेली ठिकरी उसळावी तसे, परततात. कॅमेऱ्याची पट्टी तपासायला सोबत किरणोत्सारी लोखंड-५५ दिलं आहे. ते क्षय पावून मँगनीज होतं, म्हणून त्यातून निघणारी ५.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा मँगनीजची. गोव्याच्या खाणवाल्यांना ही जोडी नवी नाही.

आणि ‘सीझेडटीआय’! समोर भोकाभोकांचा टँटलमचा पत्रा. त्याच्या सावलीवरून स्रोत शोधायचा, हे तिचं ठरलेलं काम. पण १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर पत्रा आणि बाजूच्या भिंतीही पारदर्शक होत जातात. हा दोषच कामाला आला. ६ ऑक्टोबर २०१५ ला, उपकरण सुरू झालं त्याच दिवशी, बाजूने आलेला एक गॅमा-किरण स्फोट तिने पकडला. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत तिची माहिती हाताळली जाते. पुढे २०१७ मध्ये खेकडा तेजोमेघातल्या स्पंदकाच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरणही तिनेच मोजलं.