बिऱ्हाड पाठीवर, तंबू घरी?

लखनौहून चंबळच्या बीहडात ट्रेक ठरला, सॅक भरायला घेतली आणि ग्रुपमध्ये जुनाच वाद पेटला: तंबू घ्यायचा की नाही?

थांबा, आधी रस्ता! माहीत आहे का, इटाव्याकडे नेणाऱ्या आग्रा-लखनौ एक्स्प्रेसवेवर, उन्नाव जिल्ह्यात, २०१७ साली हवाई दलाचं सुपर हर्क्युलस विमान उतरलं होतं? टोलची पावती मात्र आपल्याच नावाची.

बीहड म्हणजे खडकाची कॅन्यन नव्हे हं. नुसती माती, पावसाच्या पाण्याने कापलेली. कोरड्या दिवसांत खुंट्या छान रुततात. अमेरिकेतल्या सँडस्टोनच्या घळीत ती सोय नाही, तिथे दोऱ्या दगडांना बांधायच्या.

नदीकाठच्या वाळूवर उघड्यावरच ताणून देऊ म्हणता? जगात सर्वाधिक सुसरी चंबळमध्येच आहेत! सुसर बिचारी मासे खाते, पण शेजारी मगरही राहते. शिवाय वाळूचा काठ म्हणजे सुसरीचं बाळंतघर. मुक्कामाचं आधी वनखात्याला विचारा.

आता वजनाचं गणित. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो. दीड किलोचा तंबू घरी ठेवला की दीड लीटर पाणी जास्त! सॅकमध्ये 'पहले आप' चालत नाही, कोरड्या घळीत पाण्याचाच नंबर पहिला.

पण पाणी जीवही घेतं. १२ ऑगस्ट १९९७, ॲरिझोनातली अँटेलोप कॅन्यन. पाऊस पडला दूर कुठेतरी, लोंढा घुसला अरुंद घळीत आणि ११ पर्यटक गेले. तंबूचं कापड सरी अडवतं, लोंढा नाही. म्हणूनच भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीत पावसाळ्यात जाणते ट्रेकर उतरत नाहीत. तळाला झोपायचंच नाही. मग तंबू असो वा नसो.

बोनस: रात्री थंड हवा जड होऊन तळाशी साचते. जरा उंचावर पथारी टाका, ऊबही जास्त!

आमचं मत? आभाळ कोरडं असेल तर नुसती मच्छरदाणी आणि खाली ताडपत्री. ढग दिसले तर तंबू, आणि वारा सुटला तरी तंबूच.

आणि हो, विंचू! बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा हा गडी अल्ट्राव्हायोलेट टॉर्चच्या उजेडात हिरवानिळा चमकतो, माहीत आहे का? नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही. तेव्हा टॉर्च मारलात तरी सकाळी बूट झटकूनच घाला.