फोड आणि जोड

हॉस्टेलवर सकाळी पहिला चेहरा कुणाचा दिसतो? रूममेटचा नक्कीच नाही, तो झोपलेला असतो. पहिला चेहरा दिसतो मेसच्या काकांचा. आमच्या मेसच्या काकांना मागच्या वर्षी पावसाळ्यात ‘तोंड आलं’. कुणी म्हणालं, बी-कॉम्प्लेक्स घ्या. कुणी म्हणालं, उष्णता आहे, तूप लावा. दोन-अडीच महिने झाले तरी तोंडातल्या जखमा काही भरेनात. काका चपाती सोडून दूधभातावर आले. आम्ही त्यावरही जोक केला, “बघा, काकांना स्वतःच्याच मेसचं जेवण जात नाही!”

दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आलो तर त्यांच्या छातीवर आणि पाठीवर फोड. मऊ, पाण्याने भरलेले. शर्टाला घासले की फुटायचे आणि खाली लाल, ओली जखम राहायची. मग काय, हॉस्टेलवर सगळेच डॉक्टर! कुणी नागीण म्हणालं, कुणी कांजिण्या. शेवटी कुणीतरी तो शब्द उच्चारला, “संसर्गजन्य”. रात्री अर्ज तयार झाला: काकांना मेसमधून काढावे. त्यावर सातवी सही माझी होती.

रेक्टर सरांनी अर्ज वाचला आणि एवढंच म्हणाले, “आजाराचं नाव काय ते आधी कळू दे. उद्या यांच्याबरोबर दवाखान्यात कोण जातंय?” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सर माझ्याकडे बघत होते.

जॉइंट फेल्युअर

त्वचाविभागातल्या डॉक्टर मॅडमनी काकांचं तोंड बघितलं. मग फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा दाबून हलकेच सरकवला. कातडीचा वरचा पापुद्रा चक्क सरकला! याला निकोल्स्की चिन्ह म्हणतात, हे नंतर कळलं. मॅडमनी मला विचारलं, “कुठली ब्रँच?” मी म्हणालो, मेकॅनिकल. “मग तुला पटकन समजेल. यांचा जॉइंट फेल झालाय.”

मित्रांनो, त्या एका वाक्यानंतर मी लायब्ररीत आणि नेटवर जे काही वाचलं, ते इथे सांगतो.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम कागदाएवढा जाड असतो. त्यात पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. नवी पेशी तळाच्या ओळीत जन्मते, हळूहळू वर सरकते आणि काही आठवड्यांनी मरून गळून पडते. प्रत्येक पेशीच्या आत केराटिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, सुमारे १० नॅनोमीटर व्यासाचे. काँक्रीटमधल्या सळया समजा. पण भिंत नुसत्या सळयांवर उभी राहत नाही. एका विटेतली सळई दुसऱ्या विटेशी बांधायला हवी.

हे बांधण्याचं काम करतो डेस्मोसोम. हे पेशीच्या भिंतीवरचं सूक्ष्म बटण असतं. बटणाच्या आतल्या बाजूला डेस्मोप्लाकिन वगैरे प्रथिनांची प्लेट असते, तिला केराटिनचे धागे अडकतात. बाहेरच्या बाजूला डेस्मोग्लीन आणि डेस्मोकोलिन या प्रथिनांचे हात असतात. शेजारच्या पेशीतूनही असेच हात येतात आणि मधल्या फटीत एकमेकांना पकडतात. ही पकड टिकायला कॅल्शियम लागतं.

तळाच्या ओळीला आणखी एक काम असतं, खालच्या पायाला चिकटून राहायचं. तिथे ‘अर्धा डेस्मोसोम’ म्हणजे हेमिडेस्मोसोम असतो. त्याच्याही खाली सातव्या प्रकारच्या कोलॅजनचे नांगर पायात रुतलेले असतात.

कुठला जोड सुटला?

आता गंमत बघा. फोड म्हणजे थरांमध्ये पडलेली फट आणि त्यात भरलेलं पाणी. दिसायला सगळे सारखेच, पण फट कुठे पडली यावर आजार ठरतो.

नवे बूट घालून ट्रेकला गेलात आणि टाचेला फोड आला, तर जोड चांगलेच होते. वारंवार घासून लोड जास्त झाला आणि मधला थर फाटला, इतकंच.

काही बाळांना जन्मापासूनच नुसत्या घासण्याने फोड येतात. त्यातल्या एका प्रकारात ५ आणि १४ क्रमांकाच्या केराटिनच्या जीनमध्ये दोष असतो, म्हणजे सळईच कच्ची. हे १९९१ मध्ये समजलं. दुसऱ्या एका प्रकारात सातव्या कोलॅजनचे नांगरच नीट बनत नाहीत. त्यावर जीन पोचवणारं जेल २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

म्हातारपणी बहुधा होणारा पेम्फिगॉइड हा आजार पायाशी असलेला जोड तोडतो. तिथे कातडीचा पूर्ण थर वर उचलला जातो, म्हणून फोड टणक असतो, सहज फुटत नाही.

काकांना झाला होता पेम्फिगस. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच गोंधळते आणि डेस्मोग्लीनविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. म्हणजे वॉचमननेच घराचे स्क्रू काढायचे! रुग्णांच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात हे १९६४ मध्ये अमेरिकेत बॉयटनर आणि जॉर्डन यांनी दाखवलं. त्यांचं लक्ष्य नेमकं कुठलं प्रथिन, हे अमागाई आणि स्टॅन्ली यांच्या गटाने १९९१ मध्ये शोधलं. या अँटिबॉडी दोन हातांच्या मध्ये घुसून पकड सोडवतात. शिवाय पेशीच्या आत चुकीचे सिग्नल जाऊन पेशी आपले डेस्मोग्लीन आत ओढून घेते. मग पेशी सुट्या होऊन गोल होतात. तळाची ओळ मात्र पायाला चिकटून राहते, कारण तिथला जोड वेगळा.

पण सुरुवात तोंडातूनच का? याचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. डेस्मोग्लीनचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे, १ आणि ३. तोंडातलं अस्तर मुख्यतः ३ वर अवलंबून असतं. कातडीत दोन्ही असतात. फक्त ३ वर हल्ला झाला तर तोंडात जखमा होतात, पण कातडीला १ सांभाळून घेतो. आपण डिझाइनमध्ये रिडंडन्सी म्हणतो ना, तेच! पुढे १ विरुद्धही अँटिबॉडी तयार झाल्या की कातडीही सुटते. म्हणजे पावसाळ्यात काकांचा एक बोल्ट गेला होता, दिवाळीपर्यंत दुसरा गेला. आम्ही मात्र बी-कॉम्प्लेक्सवर होतो.

संसर्ग कुणाकडून कुणाला?

अँटिबॉडी म्हणजे जंतू नव्हे. ती हात लावल्याने, ताटातून किंवा एकत्र बसल्याने लागत नाही. गरोदर आईकडून बाळाच्या रक्तात तेवढी जाऊ शकते. तेव्हा बाळालाही फोड येतात, आणि आईच्या अँटिबॉडी संपल्या की काही आठवड्यांत जातात.

मात्र सगळेच फोड निरुपद्रवी असंही नाही. लहान मुलांना होणाऱ्या एका आजारात स्टॅफिलोकॉकस जंतूचं विष तोच डेस्मोग्लीन १ कात्रीसारखं कापतं. तो मात्र नक्की पसरतो. म्हणूनच नुसतं बघून निकाल देऊ नये. काकांचा तुकडा तपासायला गेला तेव्हा मॅडमनी मला रिपोर्टमधला फोटो दाखवला. पेशींच्या कडांवर अँटिबॉडी बसून मासे पकडायच्या जाळ्यासारखी हिरवी जाळी चमकत होती. इतकी सुंदर दिसणारी गोष्ट इतकी वाईट असू शकते!

१९५० च्या दशकात स्टेरॉइड येईपर्यंत या आजारातले बहुतेक रुग्ण दगावत. उघड्या कातडीतून पाणी आणि प्रथिनं जात, जंतू आत शिरत. भारतात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरीचा यांनी १९८० च्या दशकात दर महिन्याला सलाईनमधून मोठे डोस देण्याची ‘पल्स’ पद्धत सुरू केली. आता रिटुक्सिमॅब हे औषध अँटिबॉडी बनवणाऱ्या यंत्रणेतल्या बी-पेशींनाच गाठतं. अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली.

काकांनाही सलाईनमधून औषध आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. घरी जाताना मॅडम म्हणाल्या, “या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते. हॉस्टेलवर कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याला यांच्यापासून लांब ठेवा.”

मी गप्प बसलो. संसर्गाचा धोका खरंच होता, पण आमच्याकडून त्यांना!

अर्ज आम्ही मागे घेतला. काका चार महिन्यांनी परत आले. सध्या भट्टीजवळ नाही, कूपन घ्यायला बसतात. गोळ्या अजून चालू आहेत, साखर तपासावी लागते. परवा मला म्हणाले, “काय रे इंजिनिअर, आज दोनच चपात्या? बरं नाही का?” त्यांना त्या अर्जाची गोष्ट माहीत आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

तेव्हा दोस्तांनो, तोंडातल्या जखमा दोन-तीन आठवड्यांत भरल्या नाहीत तर मेडिकलमधली ट्यूब लावत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि दुसऱ्याच्या अंगावर फोड दिसला तर सही करण्याआधी एकदा विचारा, जोड कुठला सुटलाय?

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी