बोटाचे टोक आणि गिटारची धून

रॉक संगीत ऐकणाऱ्यांना ‘रिफ’ हा शब्द नवा नाही. गिटारवर वाजणारा चार-सहा सुरांचा छोटा तुकडा गाण्यात पुन्हा पुन्हा येतो आणि गाणे संपल्यावरही डोक्यात घोळत राहतो. ही कल्पना पालघरकरांना परकी वाटू नये. जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांवर तारपा वाजू लागतो, तेव्हा असाच एक छोटा सूरतुकडा फिरून फिरून येतो आणि त्यावर नाचणाऱ्यांचे पाय आपोआप पडतात. सूर थोडे आणि आवर्तने अनेक असली, की मेंदू पुढचा सूर ओळखू लागतो आणि धून लक्षात राहते.

‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश बँडच्या १९७० मधील ‘आयर्न मॅन’ या गाण्याची रिफ अशीच जगभर पोहोचली. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा पाया या बँडने घातला असे मानले जाते. त्या जड, घनगंभीर आवाजामागे मात्र एका कारखान्यातील अपघात आहे, आणि तो बोईसर-तारापूरच्या कोणत्याही कामगाराला समजेल असा आहे.

बर्मिंगहॅमचा पत्र्याचा कारखाना

टोनी आयोमी हा बर्मिंगहॅममधील तरुण पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत असे. १९६५ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, गिटारवादक म्हणून बाहेर पडण्याचे त्याने ठरवले होते. नोकरीच्या शेवटच्या दिवशी प्रेसवरचा कामगार आला नाही, म्हणून सवय नसलेल्या त्या मशीनवर त्याला उभे करण्यात आले. प्रेस उजव्या हातावर आली, त्याने दचकून हात ओढला आणि मधल्या दोन बोटांची टोके तुटून गेली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचे काम याच हाताकडे होते.

तुटलेले तुकडे मागाहून काडेपेटीत घालून रुग्णालयात पोहोचले, पण तोवर ते काळे पडले होते. गिटार विसरून जा, असे त्याला सांगण्यात आले. तेव्हा कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. १९२८ मध्ये आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटे जवळपास निकामी झालेला हा वादक उरलेल्या दोन बोटांवर अवघड धून वाजवत असे.

आयोमीने भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली आणि त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. जाड तारा दाबताना दुखे, म्हणून त्याने हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१ पासून अनेक गाण्यांत त्याने गिटारचा सूरच खाली उतरवला. त्यामुळे तारा सैल झाल्या आणि आवाज अधिक खर्जातला, भारदस्त झाला. अवघड पकडी टाळून दोन-तीन सुरांवर भर देणारी त्याची पद्धत पुढे हजारो वादकांनी उचलली.

टोकाएवढी जागा, मेंदूत मोठा वाटा

पाठीवर दोन टोचण्या वेगळ्या कळायला त्यांच्यात तीन-चार सेंटिमीटर अंतर लागते; बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर पुरतात. स्पर्श टिपणाऱ्या सूक्ष्म संवेदकांची तिथे दाटी असते. मेंदूतही हाताच्या बोटांसाठी राखलेला भाग शरीराच्या मानाने फार मोठा आहे. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांमध्ये डाव्या बोटांचा हा भाग सरावाने वाढलेला आढळतो, असे १९९५ मधील एका अभ्यासात दिसले.

म्हणूनच टोक गेलेल्या माणसाचे नुकसान सेंटिमीटरमध्ये मोजता येत नाही. शर्टाचे बटण लावणे, नट फिरवणे, नाणे उचलणे अवघड होते. थंडीत बोट ठणकते. आयोमीला टोपणांमुळे तार जाणवत नसे. त्याला कानावर विसंबून बोटे नव्याने शिकवावी लागली. दुखापतीनंतर मेंदूची शिकण्याची क्षमता शिल्लक असते, हेच त्यातून दिसते. त्यामुळे जखम भरल्यावर फिजिओथेरपी टाळू नये.

काडेपेटी नको

आयोमीची बोटे गेली त्याच वर्षी, १९६५ मध्ये, जपानमध्ये कोमात्सू आणि तामाई या शल्यविशारदांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्म शस्त्रक्रियेने जोडून दाखवला. आज अशा शस्त्रक्रिया मुंबईत होतात. बोटात स्नायू नसल्याने तुटलेला भाग योग्य प्रकारे थंड ठेवल्यास साधारण २४ तासांपर्यंत जोडण्यालायक राहू शकतो; नुसता ठेवल्यास ही मुदत निम्म्यावर येते आणि कोकणच्या उकाड्यात आणखी कमी धरावी. बोईसर ते मुंबई हे सुमारे १०० किलोमीटरचे अंतर या वेळात सहज पार होते. बऱ्याचदा संधी हुकते ती पहिल्या अर्ध्या तासात, कारखान्याच्या आतच.

बोट तुटल्यास असे करावे :

- मशीन बंद करावी. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. दोरी आवळून बांधू नये. अंगठी काढावी.
- हळद, चहापूड, ग्रीस काहीही लावू नये.
- तुटलेला तुकडा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, ओलसर गॉजमध्ये गुंडाळावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे. ही पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये, पेशी मरतात.
- बोट कातडीवर लोंबत असले तरी कापून वेगळे करू नये.
- भूल द्यावी लागू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नये. १०८ ला फोन करावा आणि तुकडा रुग्णासोबतच पाठवावा.

पूर्ण चिरडलेले बोट बहुधा जोडता येत नाही, पण तो निर्णय डॉक्टरांचा. जोडलेल्या बोटाला विडी-सिगारेट आणि तंबाखू घातक ठरते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.

अपघाताआधी

आयोमीच्या अपघातातील कारणे आजही ओळखीची आहेत : गैरहजर माणसाच्या जागी नवखा हात, अनोळखी मशीन, संरक्षणाचा अभाव. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधे, रसायने, कापड आणि पोलादाचे कारखाने आहेत, आणि कंत्राटी कामगाराची मशीन रोज बदलू शकते. प्रेसवर गार्ड हवा. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय न चालणारी व्यवस्था असेल, तर उत्पादन वाढवण्यासाठी ती निकामी करू नये. फिरणाऱ्या ड्रिल किंवा लेथवर सैल हातमोजे घालू नयेत. मोजा अडकला की हात ओढला जातो. रातपाळीनंतर लगेच दुसरी पाळी करणे टाळावे.

कामगार राज्य विमा योजनेत कामावरच्या दुखापतीचे लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतात. त्यामुळे अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी करून घ्यावी आणि ‘घरी पडलो’ असे केसपेपरवर लिहायला सांगू नये.

प्लास्टिकच्या टोपणांनी आयोमीने इतिहास घडवला. टोके गमावलेल्या बहुतेकांना ते जमत नाही. प्रेसचा गार्ड, प्रथमोपचार पेटीत ठेवलेल्या दोन स्वच्छ पिशव्या आणि कॅन्टीनमधला बर्फ एवढी तयारी मात्र प्रत्येक कारखान्याला आजच करता येईल.