पगारपत्रक समजून घेताना (भाग ६) : कापलेला कर वर्षाच्या मध्येच सुधारता येतो

जानेवारीचा पगार झाला की पगार विभागाकडे हमखास विचारणा होते, ‘या वेळी हातात एवढे कमी कसे आले?’ हिशेब बहुधा बरोबरच असतो. फक्त काहीतरी उशिरा कळलेलं असतं आणि त्याची वसुली उरलेल्या तीन महिन्यांत बसवावी लागते.

पगारावरचा टीडीएस त्या एका महिन्याचा कर नसतो. वर्षभराच्या पगाराचा अंदाज घेऊन वर्षाचा कर काढायचा आणि तो महिन्यांवर वाटायचा, अशी ती रीत आहे. अंदाज चुकणारच, हे कायद्याने गृहीत धरलं आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १९२(३) (२०२५-२६ पर्यंत लागू) मालकाला आधी कमी-जास्त झालेली कपात पुढच्या पगारांतून भरून काढू देतं, पण त्याच आर्थिक वर्षात. ३१ मार्च उलटला की जादा कापलेले पैसे विवरणपत्र भरूनच परत मागावे लागतात.

सगळ्यात मोठा घोळ नोकरी बदलताना होतो. समजा, २०२५-२६ मध्ये पगार वर्षाला १५ लाख आणि करप्रणाली नवी. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उरतात १४,२५,०००. उपकरासह कर ९७,५००, म्हणजे महिन्याला ८,१२५. सप्टेंबरअखेर जुन्या कंपनीने ४८,७५० कापले. ऑक्टोबरपासून नवी कंपनी, पगार तेवढाच. तिला फक्त स्वतःचे साडेसात लाख दिसतात. त्यातून ती पुन्हा ७५ हजार वजा करते, उत्पन्न १२ लाखांच्या आत म्हणून कलम ८७अ ची सूट देते आणि कपात शून्य! कर्मचारी खूश होतो, पण उरलेले ४८,७५० त्याच्याच डोक्यावर असतात आणि विवरणपत्र भरताना ते व्याजासकट भरावे लागतात.

फॉर्म १२बी भरून आधीचा पगार आणि कापलेला कर ऑक्टोबरमध्येच कळवला असता, तर तेच ८,१२५ पुढे चालू राहिले असते. जानेवारीत कळवला तर महिन्याला १६,२५०. कर तेवढाच, पण घराचा हप्ता भरणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

जुन्या प्रणालीत घरभाड्याच्या पावत्या जमा झाल्या नाहीत, डिसेंबरात बोनस मिळाला, तरी गणित हेच. उलटही घडतं. बँकेने ठेवीच्या व्याजावर कापलेला टीडीएस किंवा परदेश सहलीवर वसूल झालेला टीसीएस ऑक्टोबर २०२४ पासून मालकाला कळवता येतो. व्याजाचं उत्पन्न त्यासोबत दाखवावं लागतं, पण पगारातली कपात तेवढी हलकी होऊ शकते. ही सोय अजून फारच थोड्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रात फेब्रुवारीचा व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० रुपये असतो. त्याचा या फेरहिशेबाशी संबंध नाही, तरी स्लिप पाहताना दोन्हींची गल्लत होते.

पगार विभागातल्या मंडळींनी हा फेरहिशेब जानेवारीसाठी राखून ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. सॉफ्टवेअर दर महिन्याला तो करू शकतं. माहिती मागायची सवय मात्र माणसांनीच लावायला हवी. नवा माणूस रुजू झाला की बँक खात्याच्या माहितीसोबतच आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील मागा. आणि यंदा नोकरी बदललेल्या वाचकांनो, तो अजून दिला नसेल तर या आठवड्यातच द्या.